रंगाची ओळख द्रवणांकावरून

रंगपंचमी जवळ आली की नाशिकच्या जुन्या वस्तीत रहाडी उकरण्याची गडबड सुरू होते. रहाड म्हणजे जमिनीत बांधून काढलेला मोठा हौद. पेशवेकाळापासून चालत आलेल्या या रहाडी वर्षभर फळ्या आणि माती यांच्याखाली झाकलेल्या असतात. रंगपंचमीला त्या साफ करून पाण्याने भरतात, त्यात रंग कालवतात, आणि मग लहानथोर त्यांत उड्या घेतात. रहाडीतला रंग पानाफुलांपासून करावा अशी जुनी रीत आहे.

त्याच दिवशी बाजारात पुड्यांमधून रंग विकले जातात. पिवळ्या रंगाचेच उदाहरण घ्या. एका पुडीत हळद असेल, दुसरीत मेटॅनिल येलो नावाचा कारखान्यात बनलेला रंग असेल, तर तिसरीत लेड क्रोमेट हे शिशाचे विषारी संयुग असेल. तिन्ही पुड्या पिवळ्याधमक! रंग खेळून झाल्यावर हात धुता येतात. पण हेच पिवळे पदार्थ स्वयंपाकघरातल्या हळदीतही मिसळले जातात, हे भेसळ तपासणाऱ्यांना चांगले ठाऊक आहे. मग पुडीत नेमके काय आहे हे ओळखायचे कसे?

डोळ्यांवर भरवसा ठेवून चालत नाही. पदार्थ कोणत्या तरंगलांबीचा प्रकाश शोषतो यावर त्याचा रंग ठरतो, आणि अगदी वेगवेगळे पदार्थ जवळजवळ सारखाच प्रकाश शोषू शकतात. म्हणून रंग तपासणारा रसायनतज्ज्ञ रंगाचा ‘रंग’ थोडा वेळ बाजूला ठेवतो आणि एक साधा प्रश्न विचारतो: हा पदार्थ कोणत्या तापमानाला वितळतो?

द्रवणांकच का?

घन पदार्थ ज्या तापमानाला वितळून द्रव होतो, त्याला द्रवणांक म्हणतात, हे तुम्ही आठवी-नववीत शिकला आहात. बर्फाचा द्रवणांक ० अंश सेल्सिअस. द्रव ज्या तापमानाला उकळतो तो उत्कलनांक; पाण्याचा १०० अंश. मग ओळख पटवायला उत्कलनांक का नको?

याचे एक कारण नाशिककरांना घरबसल्या पाहता येते. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचीवर आहे. इथे हवेचा दाब मुंबईपेक्षा कमी, म्हणून पाणी १०० नव्हे, तर सुमारे ९८ अंशांनाच उकळते. एखाद्या शाळेत तापमापी तपासताना उकळत्या पाण्यात ९८ चा आकडा दिसला, तर तापमापी बिघडली असे समजू नये. ती खरे तेच सांगते आहे! उत्कलनांक असा गावोगाव बदलतो. द्रवणांकावर मात्र दाबाचा परिणाम नगण्य असतो. हवेच्या दाबात नाशिक-मुंबईइतका फरक पडला, तर द्रवणांक एका अंशाच्या शंभराव्या भागाइतकाही क्वचितच सरकतो. त्यामुळे जर्मनीत मोजलेला द्रवणांक पुस्तकात वाचून नाशिकच्या प्रयोगशाळेत त्याच्याशी ताडून पाहता येतो.

दुसरे कारण अधिक महत्त्वाचे आहे. द्रवणांक पदार्थाची ओळख सांगतो, आणि त्याचबरोबर तो पदार्थ शुद्ध आहे की नाही हेही सांगतो. फ्रान्समध्ये मिशेल शेव्रल या रसायनतज्ज्ञाने तेले आणि चरबी यांचा अभ्यास करताना शुद्धतेची कसोटी म्हणून द्रवणांकाचा पद्धतशीर वापर केला. १८२३ मध्ये त्याचा त्या विषयावरचा ग्रंथ निघाला. गमतीची गोष्ट म्हणजे लगेच १८२४ मध्ये तो पॅरिसच्या प्रसिद्ध गोबलँ विणकाम कारखान्यात रंगाई विभागाचा प्रमुख झाला. रंग आणि द्रवणांक या दोन्ही विषयांशी नाते असलेला हा शास्त्रज्ञ १०२ वर्षे जगला!

अशुद्ध पदार्थ लवकर का वितळतो?

आता थोडे पदार्थविज्ञान पाहू. शुद्ध स्फटिकात सगळे रेणू एकाच प्रकारचे आणि एकाच ठरावीक पद्धतीने रचलेले असतात. स्फटिक तापवला की रेणूंची थरथर वाढते. द्रवणांकाला पोचल्यावर स्फटिकाच्या पृष्ठभागावर दोन क्रिया एकाच वेळी चालू असतात. काही रेणू जागा सोडून द्रवात जातात, आणि द्रवातले काही रेणू येऊन स्फटिकात परत बसतात. जाणारे आणि येणारे यांची संख्या जिथे बरोबर जुळते, तेच तापमान म्हणजे द्रवणांक.

आता या द्रवात दुसऱ्या पदार्थाचे थोडे रेणू विरघळले आहेत असे समजा. स्फटिकातून निघून जाणाऱ्या रेणूंना त्याचे काही नाही. ते पूर्वीच्याच वेगाने निघत राहतात. पण परत येऊन आदळणाऱ्यांत आता काही परके रेणू असतात, आणि त्यांना त्या रचनेत बसता येत नाही. म्हणजे परतणाऱ्यांची संख्या घटली. जमाखर्च बिघडला; स्फटिक वितळू लागला. पुन्हा समतोल साधायचा, तर जाणाऱ्यांची संख्या कमी व्हायला हवी, म्हणजेच तापमान उतरायला हवे. मिश्रणाचा द्रवणांक खाली येतो तो असा. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फात मीठ घालतात त्यामागचे तत्त्व हेच. मीठ-बर्फाचे मिश्रण उणे २१ अंशांपर्यंत थंड राहू शकते.

आणखी एक लक्षण दिसते. वितळायला सुरुवात होते तेव्हा तयार झालेल्या थोड्याशा द्रवात परक्या रेणूंचे प्रमाण जास्त असते. जसजसा अधिक पदार्थ वितळतो, तसतसे हे प्रमाण विरळ होत जाते आणि उरलेला घन भाग वितळायला अधिक तापमान लागते. म्हणून अशुद्ध पदार्थ एका ठिकाणी न वितळता पाच-दहा अंशांच्या पट्ट्यात रेंगाळत वितळतो. शुद्ध पदार्थ मात्र अंश-दोन अंशांत झटकन वितळतो. द्रवणांक ‘खाली येणे’ आणि ‘पसरणे’ या अशुद्धीच्या दोन खुणा आहेत.

हळदीचा रंग नळीत

हळदीला पिवळेपणा देणारा पदार्थ म्हणजे कर्क्युमिन. १८१५ मध्ये तो प्रथम वेगळा काढला गेला आणि त्याची रेणूरचना १९१० मध्ये निश्चित झाली. शुद्ध कर्क्युमिन सुमारे १८३ अंशांना वितळते. ते कसे तपासतात ते पाहू.

प्रथम नमुना पूर्ण कोरडा करतात. ओलावा म्हणजेही अशुद्धीच. मग तो खलात बारीक घोटतात. साधारण १ मिलिमीटर व्यासाची, ६-७ सेंटिमीटर लांबीची काचेची केशनलिका घेऊन तिचे एक टोक ज्योतीत धरून बंद करतात. उघडे टोक पुडीत टोचून थोडा नमुना आत घेतात आणि नळी हलकेच आपटून तो तळाशी घट्ट बसवतात. २ ते ३ मिलिमीटर उंचीचा थर पुरे. याहून जास्त घेतला, तर खालचा भाग वितळला तरी वरचा राहतो आणि आकडा फसवा येतो.

ही केशनलिका तापमापीला अशी बांधतात, की नमुना बरोबर पाऱ्याच्या फुग्याशेजारी येईल. मग दोन्ही थीलेच्या नळीत सोडतात. योहानेस थीले या जर्मन रसायनतज्ज्ञाने १९०७ मध्ये ही नळी सुचवली. तिला कपाच्या कानासारखा बाक असतो आणि आत द्रवरूप पॅराफिन भरलेले असते. बाकाला आच दिली की तिथला गरम द्रव हलका होऊन वर चढतो, थंड द्रव खालून त्याची जागा घेतो, आणि न ढवळताच सगळीकडे तापमान सारखे राहते. अभिसरणाचा इतका सुबक उपयोग क्वचितच पाहायला मिळतो.

अपेक्षित द्रवणांकाच्या १५-२० अंश खालपर्यंत आच भरभर देता येते. त्यानंतर मात्र मिनिटाला १ ते २ अंश, याहून जास्त नाही. घाई केली, तर पारा आणि नमुना यांची गाठ पडत नाही: एक पुढे जातो, एक मागे राहतो. थेंब प्रथम दिसला ते एक तापमान, आणि शेवटचा कण नाहीसा झाला ते दुसरे, असे दोन आकडे टिपतात.

रंगांच्या बाबतीत इथे एक खास अडचण येते. पांढरा पदार्थ वितळला की पारदर्शक होतो आणि लगेच कळतो. गडद रंगाचा पदार्थ वितळला तरी गडदच! अशा वेळी थराचा माथा पाहावा. तो आक्रसतो, काचेपासून सुटतो, आणि वितळला की माथ्यावर द्रवाचा वाटोळा खोलगट पृष्ठभाग दिसतो. बुडबुडे निघाले किंवा नमुना काळा पडला, तर पदार्थ वितळता वितळता विघटित होतो आहे, असे लिहून ठेवावे. मेंदीतला लॉसोन हा रंगद्रव्य पदार्थ १९५ अंशांच्या आसपास असाच विघटित होत वितळतो.

आता तापमापीने १८० दाखवले, तर कर्क्युमिन अशुद्ध म्हणायचे का? थांबा. तापमापीचा खालचा भाग गरम तेलात आहे, पण पाऱ्याची वरची दोरी बाहेरच्या थंड हवेत आहे. तेवढा पारा कमी प्रसरण पावलेला असतो, म्हणून आकडा खराहून कमी दिसतो. त्यासाठी दुरुस्ती करतात: ०.०००१६ गुणिले बाहेर राहिलेल्या दोरीची लांबी (अंशांत) गुणिले दाखवलेले तापमान व दोरीचे सरासरी तापमान यांतील फरक. समजा, ४० च्या खुणेपर्यंत तापमापी बुडालेली आहे आणि बाहेरच्या दोरीचे तापमान ४० अंश आहे. मग बाहेरची दोरी १४० अंशांची आणि फरकही १४० अंशांचा. ०.०००१६ × १४० × १४० = ३.१. खरे तापमान १८३.१ अंश! तीन अंशांसाठी चांगला नमुना अशुद्ध ठरला असता.

तीन बहिणी

बाजारात मिळणारे कर्क्युमिन तपासले, तर मात्र दुरुस्ती करूनही ते बहुधा १८३ च्या खाली आणि पसरट वितळते. त्यात भेसळ असतेच असे नाही. हळदीत कर्क्युमिनच्या बरोबर त्याच्याच घराण्यातले आणखी दोन पिवळे पदार्थ असतात. कर्क्युमिनच्या रेणूवर मिथॉक्सी नावाचे दोन गट असतात. दुसऱ्या पदार्थावर असा एकच गट असतो, तर तिसऱ्यावर एकही नसतो. यातला तिसरा पदार्थ शुद्ध असताना २०० अंशांच्या बराच वर वितळतो. तरीही कर्क्युमिनमध्ये थोडासा मिसळला, की तो कर्क्युमिनचा द्रवणांक वर नेत नाही, खालीच आणतो. पुष्कळ विद्यार्थ्यांना वाटते की मिश्रणाचा द्रवणांक दोहोंच्या मध्ये कुठेतरी यावा. तसे होत नाही. परका रेणू स्वतः कितीही तापमानाला वितळो, स्फटिकात परतणाऱ्यांची वाट तो अडवतोच.

याच गुणाचा रसायनतज्ज्ञांनी फार सुंदर उपयोग करून घेतला आहे. युरिया आणि सिनॅमिक आम्ल हे दोन्ही पदार्थ १३३ अंशांच्या आसपास वितळतात. आकडा एकच, पण पदार्थ वेगळे. मग ओळखायचे कसे? दोन्ही एकत्र घोटून मिश्रणाचा द्रवणांक घ्यायचा. तो शंभरीच्या जवळ घसरतो. दोन्ही नळ्यांत एकच पदार्थ असता, तर मिश्रणही १३३ लाच वितळले असते. या पद्धतीला मिश्र द्रवणांक म्हणतात. रंगांच्या इतिहासात नैसर्गिक आणि कृत्रिम यांची गाठ वारंवार पडते. मंजिष्ठाच्या युरोपीय भावंडाच्या मुळांतून मिळणारा ॲलिझरीन हा तांबडा रंग १८६८ मध्ये ग्रेबे आणि लीबरमान यांनी प्रयोगशाळेत बनवला. मुळातले ॲलिझरीन आणि डांबरापासून बनवलेले ॲलिझरीन, दोन्ही २८९ अंशांच्या सुमारास वितळतात, आणि त्यांचे मिश्रणही तिथेच वितळते. रेणूला आपण शेतात जन्मलो की कारखान्यात, हे ठाऊक नसते.

न वितळणारे रंग

सगळेच रंग या परीक्षेला बसत नाहीत. येवल्याची पैठणी आपल्या जिल्ह्याची. रेशीम रंगवायला आम्लरंग नावाचा वर्ग फार सोयीचा. हे रंग बहुधा सोडियमचे क्षार असतात. क्षारात रेणूंऐवजी धन आणि ऋण आयन विद्युत आकर्षणाने घट्ट बांधलेले असतात. ते आकर्षण तुटण्याआधी रंगाचा रेणूच उष्णतेने मोडतो. म्हणून असे रंग वितळत नाहीत, ते करपतात. मेटॅनिल येलो याच जातीचा. नळीत करपणारी पिवळी पूड आणि १८३ ला वितळणारी पिवळी पूड एक नव्हेत, इतके तर नक्की कळते.

नीळ क्षार नाही, तरी ती ३९० अंशांच्या आसपासपर्यंत दाद देत नाही, आणि तिथेही विघटित होते. तिचा रेणू कर्क्युमिनपेक्षा हलका आहे: रेणुभार २६२, कर्क्युमिनचा ३६८. मग एवढा हट्ट का? निळीचे रेणू सपाट असतात. ते एकमेकांवर नीट रचले जातात आणि शेजाऱ्यांशी हायड्रोजन बंधांनी जोडलेले असतात. द्रवणांक रेणूच्या वजनापेक्षा त्याच्या शेजारधर्मावर अधिक अवलंबून असतो.

या परीक्षेला काय दिसत नाही?

प्रत्येक उपकरणाला एक आंधळी बाजू असते. अशुद्धी वितळलेल्या द्रवात विरघळली, तरच ती द्रवणांक खाली आणते. लेड क्रोमेट ८४४ अंशांना वितळते आणि वितळलेल्या कर्क्युमिनमध्ये विरघळत नाही. ते तळाशी पडून राहील आणि द्रवणांक जवळजवळ १८३ च येईल. सर्वांत विषारी भेसळ, आणि तीच निसटणार! म्हणून नमुना आधी अल्कोहोलमध्ये विरघळवून गाळतात. कर्क्युमिन गाळणातून जाते, शिशाचा पिवळा साका कागदावर राहतो. एकाच चाचणीवर निकाल देऊ नये, हा प्रयोगशाळेचा पहिला नियम.

भेसळ अत्यल्प असेल, तरीही केशनलिका अपुरी पडते. सुदान-१ हा नारिंगी रंग मेणे, तेले आणि पॉलिश यांसाठी आहे. खाद्यपदार्थांत त्याला बंदी आहे. भारतातून गेलेल्या मिरचीच्या पदार्थांत तो सापडल्याचे फ्रान्सने २००३ मध्ये युरोपीय देशांना कळवले, आणि २००५ मध्ये या रंगामुळे ब्रिटनमध्ये चारशेहून अधिक खाद्यपदार्थ दुकानांतून परत घ्यावे लागले. आता, तिखटाची पूड केशनलिकेत भरून काहीच कळणार नाही. त्यासाठी द्रावकाने रंग काढून वर्णलेखनाने म्हणजे क्रोमॅटोग्राफीने त्यातले घटक वेगळे करतात, आणि माहीत असलेल्या शुद्ध सुदान-१ शी त्यांची तुलना करतात. पण ते ‘माहीत असलेले’ शुद्ध आहे कशावरून? इथे द्रवणांक पुन्हा हजर होतो. सुदान-१ सुमारे १३२ अंशांना वितळते. तुलनेचा नमुनाच खोटा निघाला, तर पुढचे सगळे यंत्र खोटे बोलेल.

आजच्या प्रयोगशाळांत थीलेच्या नळीच्या जागी विजेवर तापणारा ठोकळा आणि कॅमेरा आले आहेत. डिफरन्शियल स्कॅनिंग कॅलरीमीटर हे यंत्र तर वितळताना शोषलेली उष्णताही मोजते. तत्त्व मात्र तेच आहे. आपल्याकडे रंगरसायनाचा पाया घालणारे प्रा. के. वेंकटरामन १९३८ मध्ये मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे पहिले भारतीय संचालक झाले, आणि १९५७ मध्ये पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे. कृत्रिम रंगांवरचा त्यांचा अनेक खंडांचा ग्रंथ १९५२ पासून प्रसिद्ध होऊ लागला आणि जगभर वापरला गेला. पुण्याच्या त्याच प्रयोगशाळेत लाखेच्या तांबड्या रंगाची रेणूरचनाही उलगडली गेली. अशा कामात पदार्थ शुद्ध झाला की नाही, हे ठरवल्याशिवाय पुढचे पाऊलच टाकता येत नाही.

करून पाहा

कर्क्युमिनचा प्रयोग शाळेत करू नका. १८० अंशांचे तेल धोक्याचे असते. पण हेच तत्त्व पाण्यात पाहता येईल. कपाटात ठेवायच्या डांबराच्या गोळ्या दोन प्रकारच्या मिळतात. काही नॅप्थालीनच्या असतात, तर काही पॅराडायक्लोरोबेंझीनच्या. दोन्ही पांढऱ्या, दोन्ही उग्र वासाच्या. नॅप्थालीन ८० अंशांना वितळते, पॅराडायक्लोरोबेंझीन ५३ अंशांना.

शिक्षकांच्या देखरेखीखाली, खिडक्या उघड्या ठेवून, गोळीची चिमूटभर पूड करा. केशनलिका भरून ती तापमापीला दोऱ्याने बांधा आणि चंचुपात्रातल्या पाण्यात सोडा. नळीचे उघडे तोंड पाण्याच्या वर राहिले पाहिजे. पाणी सतत ढवळत, मंद आचेवर तापवा. तुमच्या घरची गोळी कोणती, ते तापमापी सांगेल. दोन्ही प्रकारच्या गोळ्या मिळाल्या, तर त्यांची पूड समप्रमाणात मिसळून तिसरी नळी भरा. मिश्रण ५३ च्याही बरेच खाली वितळेल. प्रत्येक वेळी दोन्ही आकडे वहीत लिहा, आणि किमान दोनदा मोजा. पूड हाताला लागली असेल, तर प्रयोगानंतर हात साबणाने धुवायला विसरू नका.